बाबांच्या वहीतलं वाळवंट

बेडोक, सिंगापूर
रविवार, ९ मार्च २०२५

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता मधुमतीताईंकडून लिहून घेतला आहे. मधुमतीताई म्हणजे माझ्या घरमालकीण. रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहेत, आणि त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी गेली चार वर्षं भाड्याने राहते. मॉरिटानिया लिहिताना त्यांनी विचारलं, भाऊ हनिमूनला गेलाय का? त्यांच्या डोळ्यांसमोर मॉरिशस होतं. मी म्हटलं, नाही, वाळवंटातल्या खाणीवर इंजिनियर आहे, बारा वर्षं झाली. मग त्यांनी स्पेलिंग विचारलं. त्यांची मुलगी अश्लेषा मात्र पाकिटाकडे बघत, इथल्या सवयीने शेवटी 'ला' लावत म्हणाली, "पेपर लेटर? जस्ट टेक्स्ट हिम, ला." आता तिला काय सांगू, की तू मला सहा वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं आहेस?

माझं बरं चाललं आहे. रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेडोकहून वन-नॉर्थला जाते. तिथे आमच्या इमारतीत सगळे जण पेशी नाहीतर यंत्रमानव यांच्या मागे लागलेले, आणि चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यात आम्ही तिघं हजार वर्षांपूर्वीच्या अरब भूगोलकारांची वाक्यं वेगळी करत बसतो. माझ्या वाट्याला वाळवंट आलं आहे. तुझंच वाळवंट, सहारा, पश्चिमेकडचं. आहे की नाही गंमत? बाबांनी मला अरबी शिकायला पाठवलं तेव्हा म्हणाले होते, शीक, कुणीतरी दादाशी तिथल्या भाषेत बोलायला हवं. आता भाषा येते, पण दादा बोलत नाही.

हे भूगोलकार तुला आवडले असते. जगाचे सात पट्टे करायचे, आणि स्वतः राहतात तो पट्टा सगळ्यांत चांगला. तिथलीच हवा बेताची, तिथलीच माणसं शहाणी. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी म्हणे उन्हाने बुद्धी करपत जाते, आणि उत्तरेला ती थंडीने गोठते. अगदी आपल्या सदाशिव पेठेसारखं. तुमच्या भागातल्या लोकांबद्दल लिहिलं आहे की ते तोंडावरचं फडकं कधीच काढत नाहीत. इतकं, की लढाईत पडलेल्या माणसाच्या तोंडावरून ते निघालं तर घरच्यांनाही तो ओळखू येत नाही. परत बांधलं की मग ओळखतात. हे मी बऱ्याच दिवसांपूर्वी नोंदवलं, पण अजून डोक्यातून जात नाही. 

आई म्हणाली, तू पुन्हा बाबांची वही मागितलीस. तिने मला विचारलं, मी शोधते म्हटलं. घर आवरताना कुठे गेली कळत नाही रे. सापडली तर कळवीन.

क्षिप्रा

*

बेडोक
रविवार, ३० मार्च

दादा,

तीन आठवडे झाले. पत्र तुझ्या खाणीपर्यंत पोचायला महिना लागतो हे मला माहीत आहे, तरी रोज संध्याकाळी खाली टपालपेटी उघडून बघते. कालपर्यंत त्यात एअर-कंडिशनर साफ करणाऱ्यांची तीन पत्रकं होती.

आज घरात कुणी नाही. उद्या ईदची सुट्टी, त्यामुळे मधुमतीताई आणि अश्लेषा पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला गेल्या आहेत. मी हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जाऊन बसले. कोपीवाल्या काकांना माझी कोपी, म्हणजे इथली कॉफी, न सांगता कळते, म्हणजे गेल्या दोन दिवसांत मला कुणाशीच बोलावं लागलेलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं, आणि बरं वाटलं नाही.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. वही हरवलेली नाही. ती माझ्याकडे आहे, इथे, कपाटात, स्वेटरांच्या खाली. सिंगापुरात स्वेटरांचं कपाट कुणी उघडत नाही. बाबांचं तेरावं झालं आणि मी ती उचलली.

खोटं का लिहिलं ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. आमच्या कामात एक नियम आहे. भूगोलकाराचं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि ठरवायचं, हे त्याने स्वतः पाहिलं, की पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं, की नुसतंच कानावर आलं. ही मंडळी तसं सांगतातही. 'माझा विश्वास असलेल्या एका व्यापाऱ्याने सांगितले', किंवा जरा नाक मुरडून, 'असे म्हणतात बुवा'. अंदलुसातला, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनमधला, एक तर जन्मात समुद्र ओलांडून गेला नाही, आणि तुमच्या वाळवंटातली प्रत्येक विहीर, प्रत्येक मुक्काम त्याने व्यापाऱ्यांना विचारून विचारून लिहिला. नाव सांगत नाही, तुझ्या लक्षात राहणार नाही. मी त्याचं पहिलं पान वाचलं आणि मला रडू आलं. आमच्या प्रोफेसरबाईंना वाटलं, मला अरबी जड जातंय.

कारण हे बाबाच होते रे. नागपूरच्या पुढे न गेलेले कमलाकर मास्तर, आयुष्यभर आठवीला भूगोल शिकवला, आणि तू गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणून तिच्यावर लिहिलं, 'उन्मेषचा देश'. तू रविवारी फोनवर जे सांगशील ते त्यात. 'लोखंडाची आगगाडी अडीच किलोमीटर लांब. उन्मेष, प्रत्यक्ष.' 'चहा तीनदा देतात, तिसरा सर्वांत गोड. उन्मेष, प्रत्यक्ष.' आणि शेजारचे श्रीनिवासराव काहीतरी ठोकून द्यायचे, तेही: 'तिथल्या लोकांना वाळूच्या वासावरून वाट कळते. श्रीनिवासराव. ऐकीव. खात्री करणे.' मग पुढच्या रविवारी तुला विचारायचं. तू उत्तर दिलंस की बाबा स्वतः 'ऐकीव' वर काट मारायचे. आई चिडायची, मुलाचं जेवणखाण विचारायचं सोडून वाळूचा वास काय विचारता.

आता मूळ गोष्ट. बाबा शेवटचे हॉस्पिटलात होते तेव्हा तू निघालास, आणि दुबईला पोचून मेसेज केलास, 'अडकलोय, उशीर होईल.' बस. कारण नाही. त्याच दिवशी माझ्या मैत्रिणीचा, गार्गीचा, फोन आला. तिच्या नवऱ्याने, अंकुरने, तुला दुबईत पाहिलं होतं. बाबा गेले त्या दिवसांत घरभर माणसं होती, प्रत्येक जण विचारत होता, मुलगा कुठे? आणि मी सगळ्यांना सांगितलं की उन्मेष दुबईत मजा करतो आहे. मामांना सांगितलं, आत्याला सांगितलं, भटजींनाही. आणि तुला लिहिलं, 'तेराव्याला येऊ नकोस. तुझी गरज नाही.' तू आला नाहीस. तेव्हा मला ते माझंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं होतं.

चार महिन्यांनी आईने सांगितलं की तुझं अपेंडिक्स फुटलं होतं आणि तू नऊ दिवस तिथल्या हॉस्पिटलात होतास. बाबांना घोर नको म्हणून कुणाला बोलला नाहीस. त्यानंतर साडेपाच वर्षं गेली, आणि मी तुझी एका शब्दानेही माफी मागितली नाही. आता मागते. माझं चुकलं, दादा.

क्षिप्रा

*

बेडोक
रविवार, ११ मे

दादा,

आई म्हणाली, पत्रं पोचली. निघायच्या आधी तू फोनवर म्हणालास, "तिची पत्रं येतात," आणि लगेच आईच्या गुडघ्यांचं विचारलंस. मी तिला चारदा विचारलं, कुठल्या आवाजात म्हणाला? ती म्हणाली, "त्याच्याच आवाजात, अजून कुणाच्या असणार?"

या महिन्यात मी काय नोंदवत होते ते सांगते. तुमच्या वाळवंटापलीकडे सोन्याचा देश होता, आणि तिथला व्यापार न बोलता चालायचा. व्यापाऱ्यांनी मीठ, कापड, तांबं ठरलेल्या जागी मांडायचं आणि नजरेआड निघून जायचं. मग पलीकडचे लोक यायचे, प्रत्येक ढिगापुढे सोनं ठेवायचे आणि तेही निघून जायचे. व्यापारी परत येऊन बघणार. पटलं तर सोनं उचलायचं. नाही पटलं तर कशालाही हात न लावता पुन्हा मागे जाऊन थांबायचं, म्हणजे समोरचे आणखी भर घालतात. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. बहुतेकांनी हे ऐकून लिहिलं आहे, म्हणून मी त्याला 'ऐकीव' असा शेरा दिला. पण वाचताना माझ्या मनात आलं की आपलं हेच चाललंय. मी पत्र ठेवते आणि मागे सरते. तू येऊन बघतोस, हात लावत नाहीस. म्हणजे अजून कमी आहे. आणि तुझं बरोबर आहे, कमी आहे. मी सगळं मांडलेलंच नाही.

तर आज मांडते. एकदा लिहिलं की खोडणार नाही.

एक. अंकुरने तुला मजा करताना पाहिलं नव्हतं. त्याने तुला विमानतळावर कॉफी घेऊन बसलेलं पाहिलं, लांबून. गार्गीने मला एवढंच सांगितलं, "उन्मेष दुबईत दिसला म्हणे." ती 'मजा' माझी आहे. तीन आठवडे मी एकटी हॉस्पिटलच्या बाकावर झोपत होते, बाबांची लघवी मोजत होते, आणि तू अडकला होतास. मला तुझा इतका राग आला होता की माझा मलाच तो शब्द खरा वाटला. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा तर कॉफीचा मॉल झाला होता. माझे भूगोलकारही असंच करतात. एकाने लिहिलं, तिकडे वाळूत सोनं गाजरासारखं उगवतं. पुढच्याने ते उतरवून घेतलं. निदान त्यांना सोन्याचा देश दोन महिन्यांच्या वाटेवर होता. मला नुसता एक फोन करायचा होता.

दोन. मी हे फक्त मामा-आत्यांना सांगितलं असं तुला वाटत असेल. मी ते बाबांनाही सांगितलं. जायच्या दोन दिवस आधी. त्यांनी विचारलं, "उन्मेष कुठवर आलाय?" आणि मी म्हणाले, "दुबईत मजा करतोय तुमचा उन्मेष." जरा वेळाने त्यांनी वही मागितली, उशाशी असायची, आणि पेन्सिल. मी दिली आणि चहा प्यायला खाली गेले.

तेरावं झाल्यावर मी वही उघडली. पानाच्या अगदी तळाशी, डगमगत्या अक्षरात, शेवटची ओळ: 'उन्मेष दुबईत मजा करतो आहे, असे क्षिप्रा सांगते.' मी वही मिटली. ती तुला मिळाली असती तर तू ते वाचलं असतंस. तुला कळलं असतं की बाबा तुझ्याबद्दल काय समजून गेले, आणि ते कुणामुळे. म्हणून ती स्वेटरांखाली आहे.

आई आपल्याला वाटून घेते हे तुझ्या लक्षात आलंय का? तुला मे महिना, मला दिवाळी. सहा वर्षं ती एका वेळी एकाचंच ताट वाढते. आत्ता तू पुण्यात असशील. आंबे खात असशील. हे पत्र तू परत जाशील तेव्हा तुला खाणीवर मिळेल. मुद्दाम तसंच पाठवते आहे, म्हणजे आईसमोर वाचावं लागणार नाही.

क्षिप्रा

*

बेडोक
रविवार, २२ जून

दादा,

वही काल वेगळ्या टपालाने पाठवली आहे. रजिस्टर केली आहे. पोस्टातल्या मुलीने वजन केलं आणि आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, जुनी वही. तिने फॉर्मवर किंमत शून्य लिहिली.

पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून पाठवली, असं नाही. वही तुझी आहे, ती तू मागितली होतीस, आणि मला ती ठेवून घ्यायचा काही हक्क नाही. वाचून तू आयुष्यभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. हे मी पोस्टात जायच्या आधीच ठरवलं होतं.

पण पाठवण्याआधी मी ती एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावी म्हणून काल सकाळी बाहेर काढली. सहा वर्षांत पहिल्यांदा. दादा, मी काय कामाची बाई आहे सांग. रोज ऑफिसात शिकायला येणाऱ्या पोरांना बजावते, पानाच्या तळाशी वाक्य संपलं असं धरू नका, पान उलटा. लेखक मागच्या बाजूला काय म्हणतो ते बघितल्याशिवाय शेरा देऊ नका. आणि बाबांच्या वहीचं ते पान मी उलटलं नव्हतं.

मागच्या बाजूला, वरच्या पहिल्याच ओळीत, दोन शब्द जास्त दाबून लिहिले आहेत आणि एक जेमतेम. मी इथे लिहीत नाही. तू बघ. पान मी दुमडलेलं नाही, खूण घातलेली नाही, शेवटचं लिहिलेलं पान आहे ते.

एवढंच सांगते की मी फरशीवर बसून मोठ्याने रडले. अश्लेषा दार वाजवून विचारायला आली. मी तिला म्हटलं, माझ्या बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ती बिचारी गोंधळली, कारण मी ते आनंदाने सांगत होते.

आता माझ्याकडे मांडायला काही उरलेलं नाही. मी मागे जाऊन थांबते.

क्षिप्रा

*

बेडोक
रविवार, १७ ऑगस्ट

दादा,

शुक्रवारी टपालपेटीत चिठ्ठी होती की पार्सल आलं आहे, येऊन घेऊन जा. शनिवारी सकाळी पोस्टात गेले. पाकिटावर तुझं अक्षर. वजनावरूनच कळलं की आत वही आहे. मला वाटलं, हात न लावता परत केलीस. संपलं. पोस्टाबाहेरच्या बाकावर मी अर्धा तास ते पाकीट मांडीवर घेऊन बसले. शेजारी दोन म्हाताऱ्या आपल्या भाज्यांच्या पिशव्या सांभाळत गप्पा मारत होत्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

मग उघडलं. तू एका अक्षराचंही पत्र घातलं नाहीस. मी दोनदा पाकीट झटकून पाहिलं.

वही पहिल्या पानापासून चाळली. तू निळ्या पेनाने बाबांच्या सगळ्या राहिलेल्या नोंदींना उत्तरं दिली आहेस. वाळूच्या वासाखाली, जे तू तेव्हा फोनवर हसण्यावारी नेलं होतंस: 'मला येत नाही. म्हाताऱ्या ड्रायव्हरला येतो. एकदा त्याच्यामुळे वाचलो. उन्मेष, प्रत्यक्ष.' ही वाचल्याची गोष्ट तू आम्हाला कधी सांगितली नाहीस. उंटिणीचं दूध खारट लागतं का, याच्याखाली: 'थोडं. सवय होते.' 'तिथे मराठी बोलायला कोणी आहे का' हे बाबांनी चार ठिकाणी लिहिलं होतं. तीन ठिकाणी तू काही लिहिलं नाहीस. चौथ्या ठिकाणी लिहिलंस, 'नाही.'

ते पान यायच्या आधी मी थांबले. मग पाहिलं. तळाशी बाबांची पेन्सिल, 'उन्मेष दुबईत मजा करतो आहे, असे क्षिप्रा सांगते.' पान उलटलं. 'ऐकीव. खात्री करणे.' श्रीनिवासरावांच्या ओळीत बसवलं त्यांनी मला, बघ. जाताना सुद्धा त्यांना तुला रविवारी विचारायचं होतं.

आणि त्याखाली तुझं निळं अक्षर. 'खात्री केली. मजा नव्हती. हॉस्पिटलात होतो, नऊ दिवस. रोज फोन हातात घेऊन ठेवून दिला, तो करायला हवा होता. चूक माझीही. उन्मेष, प्रत्यक्ष.' आणि बाबांच्या 'ऐकीव' वर काट. अगदी त्यांच्यासारखी, डावीकडून उजवीकडे, जरा वर जाणारी.

वही संपली असं समजून मी मिटणार होते. मग माझाच नियम आठवला आणि पान उलटलं.

नव्या पानावर, मधोमध, अधोरेखित, 'सिंगापूर'. खाली एकच नोंद.

'क्षिप्रा तिथे फार एकटी असते, असे आई सांगते. ऐकीव. खात्री करणे.'

दादा, आईला मी असं कधीच सांगितलेलं नाही. मी तिला दर रविवारी सांगते की माझं बरं चाललं आहे, ऑफिसात छान माणसं आहेत, मधुमतीताई मुलीसारखं वागवतात. तरी तिला कळलं.

बाकावरच्या म्हाताऱ्या उठून गेल्या होत्या. पर्समध्ये पेन होतं. तुझ्या नोंदीखाली मी लिहिलं, 'खरे आहे. क्षिप्रा, प्रत्यक्ष.' ही कबुली मी अजून कुणाला दिली नव्हती. लिहून झाल्यावर त्यात मला तेवढं लाजण्यासारखं काही वाटलं नाही.

पण तुझ्या 'ऐकीव' वर मी काट मारलेली नाही. बाबांचा नियम तुला माहीत आहे, काट ज्याने विचारलं त्यानेच मारायची; बाबांची राहिलेली काट तू मारलीस ती ते नाहीत म्हणून. म्हणून वही या वेळी पोस्टाने पाठवत नाही. मी आजच आईला फोन करून सांगितलं की या दिवाळीला दोन ताटं वाढ. ती म्हणाली, त्याला विचारलंस का?

विचारते आहे. दिवाळीला वही पुण्यात असेल, मीही असेन. तू निळं पेन घेऊन ये.

तुझी,
क्षिप्रा